खारेपणाचं माप
घरातल्या समुद्री मत्स्यटाकीसाठी दिवे, पंप, प्रवाळ घेताना लोक हात सैल सोडतात आणि खारेपणा मोजायची वेळ आली की झुलत्या काट्याच्या स्वस्त हायड्रोमीटरवर भागवतात. ही काटकसर चुकीच्या जागी आहे. समुद्राच्या किलोभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. टाकीतलं पाणी उडून जातं, क्षार मात्र मागेच राहतात, म्हणजे खारेपणा रोज सरकत असतो. अशा वेळी काट्याला चिकटलेला हवेचा एखादा बुडबुडाही त्याला वर उचलतो आणि पाणी आहे त्याहून खारट दाखवतो. ‘मासे तर जगतात ना?’ असं कुणी विचारेल. मासे बरंच सोसतात. पण तारामाशाला अंगातले क्षार बाहेरच्या पाण्यापेक्षा वेगळे राखता येत नाहीत, त्यामुळे अचानक झालेला बदल त्याच्या जिवावर बेततो. हायड्रोमीटरऐवजी प्रकाशाच्या वळण्यावरून खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर घेतला की काम संपलं, हेही खरं नाही. बरेचसे रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात; शुद्ध पाण्यावर शून्याला लावले तरी ३५ च्या समुद्री पाण्याला ते सुमारे साडेछत्तीस म्हणतात. म्हणून ३५ चं प्रमाणित द्रावण हवंच. त्याचे दोन-तीन थेंब काचेवर टाका, झाकण मिटा, उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्यामधली रेघ पाहा आणि स्क्रू फिरवून ती ३५ वर आणा. टाकीत पुढचा मासा सोडण्याआधी या द्रावणाची छोटी बाटली घरात आणा.