सातबारा मेलेल्याचा, हाल जित्यांचे

नांगरट, पेरणी, निंदणी जित्यांनी करायची आणि सातबाऱ्यावर नाव मात्र कधीच वारलेल्या आज्याचे, अशी खाती आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत. बियाणे चुकले तर एक हंगाम बुडतो. वारस नोंद राहिली तर पुढची पिढी अडकते. सोसायटीचे पीककर्ज अडते, गारपिटीची भरपाई अडते, धरणा-रस्त्यात जमीन गेली तर मोबदल्याच्या यादीत आपले नाव सापडत नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४९ सांगते की वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावे. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितले तरी चालते. तलाठ्याने पोच मात्र लेखीच द्यायची असते. ती घेतल्याशिवाय उठू नका. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करून दाखला घ्यावा. गुजरातेत ऊसतोडीला गेलेला मुलगा दिवसकार्य उरकून परत जातो आणि मुदत टळते. म्हणून घरातल्या एकाने हे काम तेव्हाच अंगावर घ्यावे.

१ एप्रिल २०२५ पासून शासनाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर घेतली. सातबाऱ्यावर किती मेलेली माणसे साचली होती, याची ही सरकारी कबुलीच आहे.

पण सगळा दोष कचेरीवर ढकलून चालणार नाही. वारस सांगताना बहिणीचे नाव आपणच गाळतो; कधी विधवा भावजयीचेही. वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, केंद्राने २००५ साली. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, म्हणून आदिवासी गावांत ‘आमच्यात मुलीला देत नाहीत’ हे उत्तर तयार असते. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड स्त्रीच्या वारसांना समान वाटा देताना हे उत्तर अपुरे ठरवले. स्त्रियांना वगळणारी रूढी असेल तर ती सिद्ध करावी लागेल. धडगाव-अक्कलकुव्याच्या वनपट्ट्यांवर तर २००६ च्या वनहक्क कायद्याने नवरा-बायको दोघांची नावे लागतात. पट्टा विकता येत नाही, वारसांकडे मात्र जातो.

बहिणीचे नाव लागले तर जमिनीचे तुकडे पडतील, ही भीती खोटी नाही. दोन एकरांच्या कोरडवाहूत पाच वाटे कुणालाच परवडत नाहीत. पण नाव लपवणे हा त्यावर इलाज नव्हे. तिला वाटा सोडायचा असेल तर ती राजीखुशीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देईल. गाळलेले नाव उद्या दावा होऊन परत येते, कारण फेरफार ही महसुलाची नोंद आहे. तिने कुणाची मालकी बुडत नाही.

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, सरकार न विचारता जमीन घेते म्हणून आपण रस्त्यावर उतरतो. बहिणीला न विचारता तिचा वाटा गिळणारा कोणत्या तोंडाने घोषणा देणार?

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने मृत खातेदारांची यादी आणावी : नाव, गट नंबर, वारल्याचे साल आणि लेकी-सुनांसह सगळे वारस. त्या याद्या घेऊन आपण तहसीलवर जाऊ. पण आधी यादी आपली खरी हवी.