दिवा हळदणकरांचा, नाव रविवर्म्यांचे!

दिवेलागणीच्या वेळी वाऱ्यापासून ज्योत जपण्यासाठी तिच्यापुढे तळहात धरणारी स्त्री हे दृश्य वैभववाडीच्या घरांना अनोळखी नाही. त्याच दृश्याला अक्षय रूप देणारे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर हे याच सिंधुदुर्गाचे, १८८२ साली सावंतवाडीत जन्मलेले. त्यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. दुर्दैवाने असंख्य लोक आजही ते राजा रविवर्म्यांचे समजतात.

हा गैरसमज दूर करण्यास जाडजूड ग्रंथ चाळण्याची गरज नाही. रविवर्म्यांचे देहावसान १९०६ साली झाले; हे चित्र १९४५-४६च्या सुमाराचे. शिवाय रविवर्म्यांची कीर्ती तैलरंगांतील, तर हे चित्र जलरंगातील आहे. तैलरंगात चूक झाली तर वर दुसरा थर देता येतो. जलरंग अशी सवलत सहसा देत नाही. पारदर्शक जलरंगात उजेड रंगवायचा नसतो, तो राखायचा असतो. जिथे प्रकाश हवा, तिथे कागदाचा शुभ्रपणा सांभाळून भोवतीचा अंधार थराथराने गडद करावा लागतो.

चित्राचा भावही याच संयमातून उमलतो. ज्योत तळहाताच्या आडोशाला आहे. तिचे अस्तित्व जाणवते ते बोटांतून पाझरणाऱ्या लालसर आभेतून आणि चेहऱ्यावर पसरलेल्या मंद तेजातून. चित्रकाराची कन्या गीता (पुढे कोल्हापूरच्या गीता उपळेकर) या चित्रासाठी उभ्या राहिल्या होत्या. या स्त्रीच्या अंगी ना दागिन्यांचा डामडौल, ना नाटकी आविर्भाव. आहे ती केवळ जपणुकीची एकाग्रता. ज्योत जपणारी ती आणि कागदावरचा उजेड जपणारा तिचा पिता, दोघांचे काम एकच!

रविवर्म्यांच्या शिळाछाप चित्रांनी घराघरांत स्थान मिळविले, म्हणून साडीतील प्रत्येक देखणी स्त्री त्यांच्याच नावे मांडण्याची सवय समाजाला जडली. त्यांच्या थोरवीला अशा उसन्या श्रेयाची गरज नाही. हळदणकरांवर मात्र तो अन्याय ठरतो. वैभववाडीपासून सावंतवाडीपर्यंतच्या प्रत्येक शाळेत हे चित्र लागावे, त्याखाली चित्रकाराचे नाव, गाव आणि माध्यम लिहिलेले असावे. आपल्या मातीतील कर्तृत्वाची ज्योत जपायची, तर त्यासाठी आपलेही हात पुढे यावयास हवेत.