फेसापलीकडचा ज्वालामुखी

२८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन जवळ आला की शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शने भरतात आणि त्यांत मातीचा ज्वालामुखी हमखास असतो. मुखात खाण्याचा सोडा, त्यावर लाल रंग मिसळलेले व्हिनेगर. क्षणार्धात तांबडा फेस उसळतो, टाळ्या पडतात. हा प्रयोग मुलांनी अवश्य करावा. परंतु टाळ्या थांबल्यावर विचारायचा प्रश्न बहुधा राहून जातो : जे दिसले ते खऱ्या ज्वालामुखीसारखे कितपत आहे?

प्रतिकृतीतला फेस हा आम्ल आणि सोडा यांच्या संयोगातून सुटलेल्या कर्बवायूचा खेळ आहे. खऱ्या ज्वालामुखीत वितळलेला खडक असतो. त्यात विरघळलेले वायू, मुख्यतः पाण्याची वाफ, वरचा दाब कमी होताच बाहेर पडू लागतात. सोडावॉटरच्या बाटलीचे झाकण उघडल्यावर जे घडते, ते या क्रियेच्या अधिक जवळचे आहे. प्रतिकृती कोठे जुळते आणि कोठे जुळत नाही, हे ज्या मुलाला सांगता येते, त्याच्यात वैज्ञानिक दृष्टी रुजू लागली असे समजावे.

मराठवाड्याच्या मुलांना तर हा विषय परका नाहीच. लातूरची काळी जमीन म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची झीज होऊन झालेली माती. तो लाव्हा शंकूच्या आकाराच्या एखाद्या डोंगरातून नव्हे, तर प्रामुख्याने भूकवचाच्या लांबच लांब भेगांतून थरांवर थर पसरत गेला. म्हणजे आपल्या भूमीची खरी प्रतिकृती करायची, तर शंकूऐवजी ताटातल्या मातीत एक लांब चीर हवी! नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे गेले की हे थर संपतात आणि खालचा प्राचीन ग्रॅनाइट उघडा पडतो. शाळेच्या एका सहलीत हे दोन्ही खडक मुलांच्या हाती येऊ शकतात.

हे केवळ कुतूहलापुरते नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने हजारो माणसांचा बळी घेतला. तो ज्वालामुखीचा प्रकोप नव्हता. लाव्हाच्या थरांखालच्या जुन्या खडकातील हालचालीचा तो परिणाम होता. जीवितहानी वाढवली ती मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींनी आणि माळवदांच्या ओझ्याने. २१ मार्च २०२४ रोजी नांदेड-हिंगोली परिसराला पुन्हा हादरे जाणवले. अशा वेळी अफवेमागे धावायचे की कारणाचा शोध घेऊन घर सुरक्षित करायचे, याचे शिक्षण लहानपणीच व्हायला हवे.

‘लातूर पॅटर्न’ने ग्रामीण मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांची दारे उघडून दिली, हे श्रेय निःसंशय मोठे आहे. परंतु उत्तर पाठ असणे आणि उत्तर शोधता येणे यांत अंतर आहे. प्रयोगवही दुसऱ्याची पाहून उतरवली जाते, तेथे गुण मिळतात, विज्ञान मिळत नाही. आपल्या न्यायदर्शनाने प्रत्यक्ष आणि अनुमान ही ज्ञानाची प्रमाणे मानली. मुलांनी डोळ्यांनी पाहावे, मग तर्क करावा, ही शिकवण आपल्या परंपरेला नवी नाही. राज्यघटनेच्या ५१-क कलमानेही वैज्ञानिक दृष्टिकोनाची जोपासना हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे.

त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची वाट पाहण्याचे कारण नाही. तोच ज्वालामुखी, पण सोडा तेवढाच ठेवून व्हिनेगरचे प्रमाण बदलावे. फेस किती उंच जाईल याचा अंदाज आधी वहीत लिहावा, मग मोजावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. अंदाज चुकला तर तो खोडू नये. का चुकला, याची चर्चा करावी. परीक्षकांनीही देखाव्याऐवजी त्या वहीला गुण द्यावेत. शिक्षक आणि पालकांनी एवढे मनावर घेतले, तरी प्रदर्शनाचा मांडव उतरल्यावरही मुलांच्या मनातले प्रश्न उरतील. विज्ञान दिनाचे सार्थक त्यातच आहे.