मंडळाचा सर्व्हर कुणाच्या भरवशावर?

भोपाळमधल्या मराठी मंडळाने सभासदांची यादी, वाचनालयाच्या नोंदी, गणेशोत्सवाचे फोटो आणि हिशेब एका सामायिक सर्व्हरवर ठेवायचे म्हटले, की कार्यकारिणीत दोन तट पडतात. एकाला विंडोज हवे, दुसऱ्याला युनिक्स. युनिक्स १९६९चे, बेल लॅब्जमधले. पण आज मंडळाच्या आवाक्यात येते ते त्याच्या धर्तीवर १९९१मध्ये सुरू झालेले लिनक्स.

विंडोजवाल्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. खजिनदाराची हिशेबाची टॅली विंडोजवर चालते, जुन्या स्मरणिका पेजमेकरमध्ये पडून आहेत, बिघाड झाला तर दुरुस्त करणारा गल्लीत सापडतो. मात्र यातले बहुतेक मुद्दे टेबलावरच्या संगणकाचे आहेत. सर्व्हरने फाइली फक्त सांभाळायच्या असतात, आणि लिनक्सवरचे सांबा हे सॉफ्टवेअर त्या विंडोजच्या संगणकांना बिनबोभाट पुरवते. वाचनालयासाठी न्यूझीलंडमध्ये तयार झालेले कोहा हे सॉफ्टवेअर लिनक्सवरच चालते. त्याला परवाना शुल्क नाही आणि त्यात मराठी नोंदी युनिकोडमध्ये करता येतात. याउलट, विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड आवृत्तीचा परवाना किमान १६ कोअरचा घ्यावा लागतो आणि वापरणाऱ्यांचे परवाने वेगळे. लहान संस्थांसाठीची इसेन्शियल्स आवृत्ती २५ जणांपर्यंत हा दुसरा खर्च वाचवते, हेही सांगायला हवे.

पण लिनक्स फुकट म्हणजे निर्धास्त, असे कुणी समजू नये. सेंटॉस ८ या लिनक्सच्या आवृत्तीला २०२९पर्यंत आधार मिळणार होता; डिसेंबर २०२०मध्ये तो २०२१अखेर संपवण्याचे जाहीर झाले आणि ते बसवून बसलेल्यांची धावपळ उडाली. सुरक्षेच्या बाबतीतही कुणी शेखी मिरवू नये. २०१७च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने विंडोजला झोडपले, तर २०२४मध्ये लिनक्सवरच्या एक्सझेड या साधनात मुद्दाम पेरलेले चोरदार सापडले. गंमत म्हणजे ते शोधणारा अँड्रेस फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला!

खरी अडचण माणसांची आहे. हौसेने लिनक्स बसवणारा तरुण उद्या पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीसाठी जातो आणि पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. विंडोजवरही हे घडते, पण तिथे बदली माणूस लवकर मिळतो.

म्हणून आमचे मत असे: सर्व्हरवर लिनक्सच्या डेबियन किंवा उबंटूची दीर्घकाळ आधार असलेली आवृत्ती बसवावी, टॅली खजिनदाराच्या विंडोज संगणकावरच राहू द्यावी. अटी दोन. सर्व्हर चालवता येणारे निदान दोन सभासद हवेत आणि पासवर्ड चिटणीसांकडे बंद पाकिटात हवा. अशी दोन माणसे नसतील, तर विंडोज घ्यावे, परवान्याची रक्कम अंदाजपत्रकात धरावी आणि चोरीची प्रत मुळीच लावू नये. कोणतीही प्रणाली निवडली, तरी माहितीची दर आठवड्याची एक प्रत मंडळाच्या कार्यालयाबाहेर ठेवण्याचा ठराव कार्यकारिणीने आधी मंजूर करावा.