किल्ल्याकडे पाठ

किल्ला म्हणजे पाठ करून उभं राहण्याची जागा, अशी आपल्याकडे एक ठाम समजूत आहे. ती कुठल्या पुस्तकात छापलेली नाही की कुणी कुणाला शिकवलेली नाही. पण मे महिन्यात कुठल्याही गडावर जाऊन बघा. झाडून सगळी मंडळी किल्ल्याकडे पाठ आणि मोबाईलकडे तोंड करून उभी असतात. साडेतीनशे वर्षांपूर्वी याच गडावर शत्रूला पाठ दाखवणं ही नामुष्की होती. आता खुद्द गडालाच पाठ दाखवतात, आणि दाखवताना वर दोन बोटंही दाखवतात.

माझं भांडण कॅमेऱ्याशी नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर "तुम्हाला काढता येत नाही म्हणून बोलता" हे वाक्य आमच्या घरातूनच यायचं. माझं भांडण आहे ते निराळ्याच एका वाक्याशी: "आधी फोटो काढून घेऊ, मग बघू." या वाक्याचा पहिला भाग नेहमी पार पडतो. दुसऱ्याची कधी पाळी येत नाही. "आधी पैसे द्या, सही मग करतो" म्हणणाऱ्या खातेदाराकडे आम्ही काउंटरवरून ज्या नजरेनं बघतो ना, तीच नजर मी या वाक्यासाठी राखून ठेवली आहे.

उन्हाळी सहलीचं वेळापत्रक आता सर्वत्र एकच झालं आहे. पहाटे पाचला निघायचं ठरतं, म्हणून गाडी साडेसातला हलते. वाटेत मिसळ. मिसळीचा फोटो. घाटात गाडी थांबवून दरीचा फोटो, म्हणजे दरीपुढे उभ्या असलेल्या मेव्हण्याचा फोटो. पायथ्याशी पोचेपर्यंत साडेअकरा आणि गडावर पोचेपर्यंत साडेबारा. मे महिन्यातल्या साडेबाराच्या उन्हात काळ्या कातळावर उभं केलेलं कुटुंब फोटोत कसं दिसतं? नुकताच कर्जाचा अर्ज नामंजूर झाल्यासारखं. फोटोतलं थोडंफार कळणारा कुणीही सांगेल की दगडी बांधकाम टिपावं ते सकाळी, नाहीतर उतरत्या उन्हात. ऊन तिरपं पडलं की घडीव दगडाचा सांधा न् सांधा उठून दिसतो. पण उतरत्या उन्हाच्या वेळी आपण पुढच्या गावात एसी खोली शोधत असतो, कारण दोन दिवसांत चार किल्ले 'करायचे' असतात. लहानपणी दिवाळीत आम्ही अंगणात किल्ला करायचो. दगडमातीचा, हळिवाची हिरवळ असलेला. त्या एकालासुद्धा चार दिवस लागायचे!

बरं, हे चार किल्ले 'करून' मंडळी काय घेऊन येतात? दरवाजा आणि मी. तोफ आणि मी. तोफेवर मी. आता गंमत अशी की किल्ला ही वस्तूच मुळी दिसू नये म्हणून बांधलेली आहे. रायगडाचा महादरवाजा दोन प्रचंड बुरुजांच्या आडोशाला असा दडवलाय की वळण घेऊन पुढ्यात जाईपर्यंत दिसत नाही. मालवणहून होडीनं सिंधुदुर्गाकडे निघा. तट दिसतो, बुरूज दिसतात, पण होडी जवळ येईतो दार कुठे आहे याचा पत्ता लागत नाही. शत्रूच्या तोफेला आणि हत्तीला समोरून सरळ धडक देता येऊ नये, ही त्यामागची अक्कल. म्हणजे गड बांधणाऱ्यानं जी हुशारी मुद्दाम लपवली, ती बघायला वळसा घालावा लागतो, मान वर करावी लागते, "इथून गोळा आला असता तर?" असं स्वतःला विचारावं लागतं. समोर उभं राहून दात काढणाऱ्याला ती सापडत नाही. ती सापडू नये अशीच तर योजना होती.

तीच गत पाण्याची आणि धान्याची. सिंधुदुर्गावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. चारी बाजूंना खारा समुद्र आणि मध्ये गोडं पाणी. १६६४ साली ज्यांनी कुरटे बेटावर हा किल्ला घालायला घेतला, त्यांचं अर्धं शहाणपण या विहिरींत आहे. पण विहिरीपुढे पोझ चांगली येत नाही. पन्हाळ्याला जा. सज्जाकोठीवर फोटोसाठी रांग, आणि अंबरखान्यात शुकशुकाट. अहो, अंबरखाना म्हणजे गडाचं धान्याचं गोदाम, आणि केवढं! गंगा, यमुना आणि सरस्वती अशी नावं असलेल्या तीन अवाढव्य कोठ्या. तारण मालाची गोदामं तपासण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला तिथे हात जोडावेसे वाटतात. १६६० साली सिद्दी जौहरनं या गडाला कित्येक महिने वेढा घातला होता. अशा वेळी गड नुसत्या तलवारीवर तगत नाही. तो कोठारावर आणि विहिरीवर तगतो. इतिहासात लढणाऱ्यांचे पुतळे होतात, दाणे मोजणाऱ्या कारकुनाचा होत नाही. त्याची गोष्ट निदान त्याच्या कोठाराच्या भिंतीवरून तरी वाचायची की नाही?

"पूर्वीची माणसं कशी डोळे भरून बघायची!" असा उसासा टाकणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. पूर्वीच्या रोलवर ३६ फोटो निघत. नशीब चांगलं असेल तर सदतिसावा. धुऊन आलेला अल्बम उघडून बघा: गळ्यात थर्मास घेतलेले काका, पदर सावरणारी काकू आणि डोळे मिटलेला बंडू. किल्ला तेव्हाही काकांच्या कानामागेच होता. आणि भिंतींवर कोळशानं, खिळ्यानं बदामाची चित्रं काढून नावं कोरणारे काही परग्रहावरून आले नव्हते. रायगड ज्यांनी उभारला त्या हिरोजी इंदुलकरांचं नाव जगदीश्वराच्या देवळाच्या एका पायरीवर आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागेल अशा जागी. ज्यांनी गडावर फक्त वेफर्स खाल्ले, त्यांचं नाव मात्र नजरेच्या उंचीवर! संरक्षित स्मारक विद्रूप करण्यासाठी कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद २०१० पासून आहे. पण कायदा वाचायला पाटीकडे बघावं लागतं, आणि पाटीकडेही पाठच असते.

यावर उत्तर तयार असतं: "आमची सहल, आमचा मोबाईल, आमची आठवण. तुमचं काय जातं?" प्रश्न रास्त आहे. आईबरोबर काढलेला फोटो उद्या कुठल्याही बुरुजापेक्षा मोलाचा ठरेल, हे मला मान्य आहे. तो काढाच. पण माझं काय जातं तेही ऐका. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. ११ महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. पेढे वाटले गेले, ते योग्यच झालं. पण यादीबाहेरचे शेकडो गड दर पावसाळ्यात थोडे थोडे खाली येताहेत. आज एक चिरा, उद्या कमानीचा एक दगड, परवा अर्धा बुरूज. तो पुन्हा बांधायला घेतला की पहिला प्रश्न येतो: आधी कसा होता? बँकेत सही जुळवायला नमुन्याची सही काढून ठेवलेली असते. तशी नमुन्याची सही या भिंतींची कुठे आहे? हजारो माणसं हजारो मोबाईल घेऊन त्या भिंतीसमोरून गेली, आणि प्रत्येक फोटोत नेमक्या त्या ढासळलेल्या जागी कुणाचं तरी डोकं आहे! एवढी मोठी वही फुकट मिळाली, तर आपण तिच्या प्रत्येक पानावर स्वतःचंच नाव लिहून ठेवलं.

म्हणून मागणं थोडकंच आहे. शंभर फोटो तुमचे, खुशाल काढा. एकशे एकावा किल्ल्याच्या खात्यावर जमा करा. त्यात तुम्ही नाही, मेव्हणा नाही, थर्मास नाही. एखादी भिंत, एखादं टाकं, कमानीचा सांधा. समोर उभं राहून, तोंड त्याच्याकडे करून. खाली गडाचं नाव, जागा आणि तारीख लिहा. तारखेशिवाय व्हाउचर पास होत नाही. एवढं करताना दोन मिनिटं तुम्ही नाइलाजानं किल्ल्याकडे बघाल, तो फायदा व्याजात.

तुमच्या चेहऱ्याची काळजी नको. तो आधार कार्डावर सरकारनं जपून ठेवलेला आहे. ओळखू येत नाही, ही गोष्ट वेगळी. किल्ल्याकडे तेवढंही कार्ड नाही.