भयाची साक्ष

‘प्राणावर बेतलेला प्रसंग माणूस जन्मात विसरत नाही,’ हे वाक्य आमच्याकडे न्यायशास्त्राचे सूत्र म्हणून मिरविले जाते. आम्हांस ते मान्य नाही. प्रसंग विसरला जात नाही हे खरे. परंतु त्यातील चेहरे, शब्द आणि क्रम जसेच्या तसे राहतात, हे त्यावरून मुळीच सिद्ध होत नाही.

आमच्या प्रभादेवीचेच उदाहरण घ्या. स्थानकाचे नाव एल्फिन्स्टन रोड होते तेव्हा, २९ सप्टेंबर २०१७ रोजी, तेथील पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. बचावलेल्या एका मुलीने चौकशीत सांगितले, की ‘फूल गिर गया’ या आरोळीचे गर्दीने ‘पूल गिर गया’ केले. तिच्या सचोटीविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. पण विसंगती पाहा: भयाने कान फसतात असे सांगणारी साक्ष ही भयग्रस्त कानांचीच होती, आणि तरीही लोकांनी ती निःशंक मानली! रेल्वेच्या चौकशीने दोष पावसावर ठेवला. पुलाची रुंदी मात्र कोणाच्याही स्मृतीवर अवलंबून नव्हती. ती मोजपट्टीने मोजता येत होती.

संकटसमयी लक्ष संकटावरच खिळते. सुऱ्याचे पाते आठवते, ते धरणाराचा चेहरा निसटतो. आणि राहिलेली जागा पुढे ऐकीव गोष्टी भरून काढतात. अमेरिकेत सैनिकांना कृत्रिम बंदिवासात ठेवून केलेला एक प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष उभ्या केलेल्या माणसांतून, सौम्यपणे प्रश्न विचारणारास शंभरांत ६२ जणांनी बरोबर ओळखले. धाकदपटशाने विचारणारास अवघ्या ३० जणांनी. हे सारे शिकविलेले सैनिक. मग आमच्या गिरणगावातल्या सामान्य माणसाची काय कथा!

‘अशाने गुन्हेगार मोकाट सुटतील,’ असा आक्षेप येईल. आम्ही म्हणतो, तसे ते सुटतात ते आमच्या निष्काळजीपणामुळे. ११ जुलै २००६ च्या लोकलगाड्यांतील स्फोटांच्या खटल्यात २०१५ साली पाच जणांस फाशी व सात जणांस जन्मठेप झाली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांस निर्दोष ठरविले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, हे खरे. तथापि साक्षीदारांनी शंभराहून अधिक दिवसांनी पटविलेली ओळख उच्च न्यायालयास विश्वसनीय वाटली नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. तेथे मुख्य आक्षेप विलंबाचा होता. विलंबात भयाची भर पडली म्हणजे काय होईल, हे वाचकांनीच ठरवावे. निरपराध्याची वर्षे परत येत नाहीत, आणि मृतांच्या आप्तांस न्यायही मिळत नाही.

साक्षीदारास लबाड म्हणा, असे आमचे म्हणणे नाही. त्याची जबानी त्याच दिवशी, इतरांपासून दूर, शब्द न सुचविता घ्यावी. संशयित कोण हे ज्यास ठाऊक नाही, अशाने ओळखपरेड घ्यावी. आणि साक्षीदाराच्या छातीठोकपणास पुरावा समजू नये. सत्य बोलण्याची शपथ माणसास देता येते. त्याच्या स्मृतीस ती देता येत नाही.