सुरी स्वस्त झाली, अडकित्ता मिळेनासा झाला

पुण्यात रविवार पेठेत आमचं सुऱ्या-विळ्यांचं दुकान आहे. वडिलांनी टाकलेलं. मी गल्ल्यावर बसायला लागलो त्याला ३१ वर्षं झाली.

गेल्या महिन्यात एक ताई आठ इंची सुरी घ्यायला आल्या. मी तीन सुऱ्या काढल्या. पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलंय की मध्येच संपलंय, हे मुठीच्या कडेवरून कसं ओळखायचं ते दाखवलं. मध्येच संपलेलं असलं तर लाल भोपळा चिरताना जोर पडतो आणि वर्षभरात मूठ हलायला लागते. ताईंनी हातात धरून तोल पाहिला, एक पसंत केली. मी ४८० रुपये सांगितले. त्यांनी मोबाइल काढला. तीच कंपनी, तीच सुरी, ३९९ रुपये, घरपोच. मला ती घाऊक व्यापाऱ्याकडून ४२० ला पडते.

ताईंना मी दोष देत नाही. घरखर्च सांभाळणाऱ्या माणसाने ८० रुपये का सोडावेत? माझं म्हणणं वेगळंच आहे, आणि ते गिऱ्हाइकाच्या फायद्या-तोट्याचंच आहे.

आमच्या धंद्यात दोन तऱ्हेचा माल असतो. सुऱ्या, कात्र्या, सोलाणी रोज खपतात. अडकित्ते, खवणीच्या विळ्या, फणस फोडायचे कोयते, विळीची सुटी पाती वर्षाकाठी जेमतेम आठ-दहा नग जातात. या दुसऱ्या मालात पैसा अडकून पडतो; पावसाळ्यात पोलादी पात्यांना तेलाचा हात फिरवावा लागतो, तो वेगळाच. एवढं करून तो आम्ही ठेवत आलो, कारण दुकानाचं भाडं आणि पोराचा पगार सुरी भागवत होती. सुरीवरचे ६० रुपये गेले, तेव्हा पहिल्यांदा काय बंद झालं असेल तर अडकित्त्यांची खरेदी. वडील ते कच्छमधल्या अंजारहून मागवायचे. मी चार वर्षांपूर्वी थांबवले.

दिवाळीनंतर श्रीवर्धनचे एक आजोबा आले. घरची सुपारीची बाग. नातवाने फोनवरून मागवलेला अडकित्ता त्यांनी पिशवीतून काढून माझ्या हातात दिला. मिटून उजेडासमोर धरला, तर वरचं पातं खालच्या ओठावर टेकतच नव्हतं, मधून उजेड दिसत होता. असल्याने सुपारी कातरली जात नाही, तिचा चुरा होतो. "चांगला दाखव रे बाबा, पैशाचं बघू नको," म्हणाले. माझ्याकडे एकही नव्हता. शेजारच्या दोन दुकानांतही नव्हता. श्रीवर्धनहून आलेला माणूस रिकाम्या हाताने परत गेला, याची मला आजही लाज वाटते.

फोनवर सगळं मिळतं, हे खरं नाही. जे भरपूर खपतं ते फोनवर स्वस्त मिळतं. जे कमी खपतं त्याचं चित्र दिसतं; माल हातात घेऊन, पारखून देणारा माणूस मात्र राहत नाही.

अमेरिकेत कितीतरी चाकू-कंपन्या जाहिरातीतली किमान किंमत ठरवून देतात आणि छोटे विक्रेते त्या आधारावर उभे राहतात. किमान विक्रीकिंमत ठरवणं मुळातच बेकायदा नाही, त्याचा परिणाम पाहून निवाडा करा, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली म्हटलं. आपल्याकडे वारं उलट आहे. डीलरांना जादा सवलत देण्यापासून अडवलं म्हणून स्पर्धा आयोगाने २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड ठोठावला. मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. कुणी स्वस्त विकू नये असा कायदा मी मागणार नाही. गरिबाच्या घरीही चांगली सुरी गेली पाहिजे.

पण परदेशी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजाराने विक्रीच्या किमतीवर प्रत्यक्ष किंवा आडून प्रभाव टाकू नये, हा नियमही आपल्याच सरकारचा आहे. १ फेब्रुवारी २०१९ पासून तो आणखी कडक झाला. मग जी सुरी मला ४२० ला मिळते ती तिथे ३९९ ला कशी विकली जाते, तो तोटा कोण भरून देतं, हे तपासायला नको? सरकारने ते तपासावं. आणि कंपन्यांनी एवढं करावं: दहा डझनाला जो भाव ऑनलाइन विक्रेत्याला, तोच दहा डझनाला आम्हाला. आम्ही पाच-सहा दुकानदार मिळून माल उचलायला तयार आहोत.

अंजारला मी मागच्या आठवड्यात फोन केला. ज्यांच्याकडून वडील माल घेत, त्यांचा मुलगा अजून अडकित्ते बनवतो. निदान तीन डझन घ्या म्हणाला. मी अजून होकार कळवलेला नाही.